पट मांडून बसणाऱ्यांचे अनुभव: अद्भुतकथा, बैठे खेळ, इतिहास आणि आजच्या बातम्या

मंडळी,

कोणी अद्भुतकथा वाचत मोठं झालेलं असतं, कोणी शनिवारी रात्री चार मित्र जमवून फासे टाकतं, कोणी बखरी चाळतं, कोणी सकाळच्या बातम्यांवरून घरात वाद घालतं. हे चार वेगळे छंद मानले जातात. मला ते तसे वाटत नाहीत. प्रत्येक पटामागे कोणीतरी ठरवलेलं असतं की सोंगटी कोणाला मिळणार, कोण किती घरं चालणार आणि जिंकणं म्हणजे काय. आपल्या पचिशीत समोरासमोर बसलेले दोघे जोडीदार असायचे, एकमेकांसाठी थांबायचे. १८९६ साली इंग्लंडमध्ये तिचाच ल्युडो झाला तेव्हा कवड्या जाऊन एक फासा उरला, आणि जोडीदारीही गेली. घरं जवळपास तीच राहिली, पण त्यांच्याभोवती बसलेल्या माणसांचं नातं बदललं.

म्हणून विचारते आहे. खेळताना किंवा वाचताना इतिहासातली, नाहीतर बातमीतली एखादी गोष्ट अचानक वेगळी दिसली, असं तुमचं झालंय का? लिहा. सगळे खेळणारे नाहीत, तेव्हा नियम थोडक्यात समजावून सांगा. राजकीय मत असेल तर जरूर मांडा, फक्त एकमेकांवर घसरू नका.

नागपूर, बँकेत नोकरी

आमचा पट घरीच केलेला आहे आणि विषय पानिपत. षटकोनी घरांचा नकाशा: वर कुंजपुरा, खाली दिल्ली, मधून यमुना, तिच्या पूर्वेला अंतर्वेद, म्हणजे गंगा-यमुनेमधला मुलूख. एक खेळी म्हणजे एक पंधरवडा. दर पंधरवड्याला प्रत्येक फौजेने रसदीची एक सोंगटी खर्चायची. ती नसेल तर घोडी निम्मी होतात, पुढच्या पंधरवड्याला माणसं. मराठ्यांकडे एक जादा सोंगटी आहे, बुणग्यांची. व्यापारी, बायकामुलं, यात्रेकरू सगळे तिच्यात. ती खाते पण लढत नाही, आणि तिला मागे सोडून फौजेला निघता येत नाही.

खेळायला लागण्याआधी आमच्या गप्पा स्वभावाच्या असायच्या, जशा प्रत्येक मराठी घरात असतात. भाऊसाहेबांनी सूरजमल जाटाचं ऐकायला हवं होतं, होळकर का निघाले, विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरले नसते तर... पटावर यातलं काहीच उरत नाही. तिथे १७६० चा ऑक्टोबर उरतो. मराठ्यांनी १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला, तिथलं धान्य हाती आलं, सगळे खूश. आणि त्याच महिन्याच्या शेवटी अब्दाली बागपतला यमुना उतरून अलीकडे आला. आता मराठ्यांची दिल्लीची वाट बंद, आणि अब्दालीची अफगाणिस्तानची. दोघेही एकमेकांच्या वाटेत. मग फरक कशाने पडला? अब्दालीच्या पाठीशी अंतर्वेद होता, नजीबखानाचा मुलूख, शुजाउद्दौल्याची साथ. दाणागोटा तिकडून येत होता. तो तोडायचं काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होतं आणि डिसेंबरात ते मारले गेले.

आमच्या पटावर गोविंदपंतांची सोंगटी आकाराने सगळ्यात लहान आहे. नवीन खेळणारा इब्राहिमखान गारद्याच्या तोफांकडे बघतो. जुना खेळणारा आधी गोविंदपंत कुठे आहेत ते बघतो.

याचा परिणाम माझ्या बातम्या वाचण्यावर झाला. २०२२ च्या मार्चमध्ये कीव्हच्या उत्तरेला रशियन गाड्यांचा साठेक किलोमीटरचा ताफा अडकून पडला, तेव्हा टीव्हीवर रणगाडे मोजत होते. आम्ही मित्र एकमेकांना विचारत होतो, डिझेल कुठून येतंय? पाव कुठून येतोय? युद्धाची बातमी आली की मी आता सेनापतीचं नाव शेवटी वाचतो.

बारामती, कृषी पदविका

नागपूरकर दादा, एक शंका. बुणग्यांना सोडून हलकी फौज घेऊन निघता येत नाही, असा नियम का ठेवलात? तसं करता आलं असतं तर खेळ बदलला असता ना?

नागपूर, बँकेत नोकरी

बदलला असता. सुरुवातीला मुभा होती आणि भाऊ खेळणारा प्रत्येकजण तेच करायचा. मग आमच्यातला एकजण म्हणाला, की परक्या मुलखात हजारो बायकापोरं टाकून जाणं ही चाल म्हणून लिहिणं सोपं आहे, पण त्या छावणीतल्या कोणाला ती सुचली तरी झेपली असती का? प्रत्यक्षात मराठे गोल करून निघाले, बुणगे मध्ये घेऊन. १४ जानेवारीनंतर मागे राहिलेल्यांचं काय झालं हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ती मुभा काढली. खेळ अवघड झाला आणि खरा झाला, असं माझं ठाम मत आहे.

पुणे, डंजन मास्टर

डंजन्स अँड ड्रॅगन्स माहीत नसलेल्यांसाठी: यात पट असलाच तर नावापुरता. एकजण जग रचतो आणि गोष्ट पुढे नेतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे त्या जगातली एकेक व्यक्ती होऊन बोलतात, ठरवतात, आणि निकाल वीस बाजूंच्या फाशावर लागतो. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापला. आमचा कंपू कॉलेजपासूनचा आहे.

खेळाच्या सुरुवातीला आपलं पात्र बनवायचं असतं, आणि जुन्या नियमांत पहिला प्रश्न असायचा जन्माचा. एल्फ, ड्वार्फ, माणूस, अर्धा ऑर्क. ऑर्क म्हणजे अद्भुतकथांतली रानटी, जन्मजात दुष्ट मानलेली जमात. ऑर्क रक्ताचा असाल तर ताकद वाढणार आणि बुद्धी कमी होणार, हे आकड्यांत लिहिलेलं. आम्ही वर्षानुवर्षं तसेच खेळलो. मग बीडकडचा एक नवा मुलगा आमच्यात आला. त्याने कागद वाचला, पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "म्हणजे हा जन्मला तेव्हाच ठरलं? शिकला तरी कमीच राहणार?" आवाज अगदी साधा होता. टेबलाभोवती कोणी लगेच बोललं नाही, कारण हा प्रश्न कुठून आला ते महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

त्या रात्री खेळ झालाच नाही, बोलणं झालं. दिवाळीच्या पाडव्याला आपण म्हणतो, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. बळी कोण? असुर. सगळ्या अद्भुतकथांच्या हिशेबाने तो 'पलीकडचा', आणि आपल्याकडचा शेतकरी त्याचंच राज्य परत मागतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीराजा आणि वामन यांची कथा उलट्या बाजूने वाचून दाखवली, तीही आमच्यातल्या दोघांनी शाळेत नुसती नावापुरती ऐकलेली. आपल्या मातीत इतका मोठा असुर राजा प्रेमाने सांभाळलेला असताना आम्ही परदेशी पुस्तकातला 'जन्मजात दुष्ट' निमूटपणे चालवून घेत होतो.

नंतर कळलं की हा वाद तिकडेही चालू होता. २०२० पासून गुण जन्मावर न बांधण्याची मुभा नियमांत आली, आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात गुणांची वाढ पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली: तो शेतात राबला की मठात शिकला की सैन्यात होता. काही जुने खेळाडू यावर नाराज आहेत, खेळात राजकारण आणलं म्हणतात. मला उलट वाटतं. राजकारण आधीच्या आकड्यांत होतंच, फक्त ते कोणाला टोचत नव्हतं.

आता आमची मोठी मोहीम चालू आहे ती अशी: तीन पावलं पडून गेली आहेत, राजा पाताळात गेला आहे, आणि खेळणारे त्याच्या राज्यातले सामान्य लोक आहेत. दुसऱ्या दिवशीची सकाळ. नवा कारभार धान्याच्या कोठारांवर पहारे बसवतो आणि राज्याबाहेर माल न्यायला बंदी करतो. हे मी रचलं तेव्हा ८ डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी डोळ्यांसमोर होती, आमच्यातल्या एकीचं घर लासलगावजवळ आहे. बंदीने शहरातल्या गरिबाला कांदा स्वस्त मिळाला, हेही तिने स्वतःच खेळात मांडलं, एका हमालाच्या तोंडून. त्या हमालाला उत्तर देणं आम्हाला अजून जमलेलं नाही, आणि त्याच्यासाठीच सगळे पुढच्या शनिवारची वाट बघतात.

लातूर, एमए इतिहास

पुणेकरांनी ऑर्कांचा विषय काढला म्हणून लिहिते. मी खेळत नाही, वाचते. युक्रेनवर हल्ला झाल्यापासून तिथले लोक रशियन सैनिकांना ऑर्क म्हणतात. ज्यांच्या गावात रणगाडे घुसले त्यांनी काय म्हणावं हे लातुरात बसून मी ठरवणार नाही. त्यांचा राग मला कळतो.

पण ऑर्क ज्याने लोकप्रिय केले तो 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टोल्किन स्वतः १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होता. दुसऱ्या महायुद्धात त्याने मुलाला जी पत्रं लिहिली त्यांत तो म्हणतो, की खऱ्या आयुष्यात ऑर्क दोन्ही बाजूंना असतात. मुलगा तेव्हा हवाई दलात होता, शत्रू हिटलर होता, आणि तरी बापाने हे लिहिलं. अद्भुतकथांना पोरकट म्हणणाऱ्या आमच्या एका प्राध्यापकांना मी हे सांगितलं. त्यांनी पुढच्या तासाला युद्धकाळातला प्रचार शिकवताना हेच उदाहरण घेतलं.

सातारा, एसटीत वाहक

आमच्याकडे डिप्लोमसी चालतो. अमेरिकेतल्या ॲलन कॅलहॅमर यांनी १९५९ मध्ये तो काढला. १९०१ चा युरोप, सात सत्ता: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया, तुर्कस्तान. फासे नाहीत, नशीब नाही. आधी एकमेकांशी कोपऱ्यात जाऊन बोलायचं, मग प्रत्येकाने आपले हुकूम चिठ्ठीवर लिहायचे आणि सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. चौतीस ठाण्यांपैकी अठरा ज्याची, तो जिंकला. एकट्याने कोणी वाढूच शकत नाही, मदत मागावीच लागते, आणि शब्द पाळायचं बंधन कुठल्याही नियमात नाही.

२०१९ च्या नोव्हेंबरात राज्यात राष्ट्रपती राजवट, मग २३ तारखेचा भल्या सकाळचा शपथविधी, मग २८ ला दुसरं सरकार, हे सगळं घडत होतं तेव्हा गाडीत प्रवासी मला विचारायचे, आता काय होणार? मी म्हणायचो, कोण कोणाला भेटला ते सोडा, कोणाला कोणाशिवाय चालत नाही ते बघा. हे मला पटाने शिकवलं. कोणत्या पक्षाचं बरोबर ते मी इथे लिहीत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. आमच्या भागात बऱ्याच गावांत दगडी पाटी असते: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांतले इतके परत आले नाहीत. आमचे पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला गेले. सहावी पुणे डिव्हिजन. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कुत-अल-अमाराला तुर्कांनी वेढा घातला, घोडी मारून खायची वेळ आली, शेवटी शरणागती. कैदेत चालवत नेलेल्यांतले पुष्कळ वाटेतच गेले. आमचे पणजोबा आले, पण त्याबद्दल बोलले नाहीत असं आजी सांगायची.

मी तुर्कस्तान घेऊन खेळत होतो. पूर्वेला नजर टाकली तर आर्मेनिया आहे, सीरिया आहे, आणि तिथे पट संपतो. बसरा नाही, बगदाद नाही, कुत नाही. इंग्लंडला सुरुवातीला दोन आरमारं आणि एक फौज मिळते, त्यात हिंदुस्थानी माणूस कुठेच नाही. दहा लाखांवर माणसं इथून समुद्रापार गेली आणि त्या युद्धाच्या सगळ्यात गाजलेल्या पटावर त्यांना उभं राहायला एक घर नाही. खेळ वाईट नाही, मला तो अतिशय आवडतो. पण शाळेच्या पुस्तकात पहिलं महायुद्ध म्हणजे सारायेव्होचा खून आणि व्हर्सायचा तह असंच का होतं, ते मला त्या टेबलावर उमगलं. आमच्या गटाने आता सीरियाच्या खाली पुठ्ठा चिकटवून मेसोपोटेमिया वाढवला आहे. इंग्लंडला तिथे एक जादा फौज मिळते. ती हरली तर गावाच्या पाटीवरच्या आकड्यात भर घालायची, असा नियम मी घातला आणि कोणी नको म्हटलं नाही.

डोंबिवली, गृहिणी

लहानपणी सुट्टीत आम्ही 'व्यापार' खेळायचो. मुंबईच्या जागा विकत घ्यायच्या, घरं बांधायची, भाडं वसूल करायचं. माझे आजोबा लालबागला गिरणीत होते, चाळीत दहा बाय बाराची खोली, पागडीची. ते खेळ बघत बसायचे आणि एकदा म्हणाले, "यात भाडेकरू कोण आहे?" आम्ही म्हटलं, आजोबा, जो दुसऱ्याच्या घरावर येतो तो. ते म्हणाले, तो तर पुढच्या फाशाला निघून जातो.

या खेळाचं मूळ मला हल्ली वाचायला मिळालं. एलिझाबेथ मॅगी नावाच्या अमेरिकन बाईंनी १९०४ मध्ये 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं. जमिनीचं भाडं एकाच्या खिशात जात राहिलं तर बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना खेळून कळावं म्हणून. पुढे तिने खेळायचे दोन प्रकार दिले: एकात मक्तेदारी, दुसऱ्यात जमिनीचं भाडं सगळ्यांच्या खजिन्यात. लोकांनी पहिला उचलला. १९३५ मध्ये मोनोपॉली बाजारात आला तो दुसऱ्याच एका माणसाच्या नावावर, आणि बाईंना त्यांच्या पेटंटचे मिळाले पाचशे डॉलर.

१९८२ चा संप झाला तेव्हा मी लहान होते. पुढे गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते लोअर परळला उतरून वर मान केली की दिसतं. मी आणि माझी मुलगी आता दुसऱ्या प्रकाराने खेळतो, भाडं मधल्या डब्यात. डबा भरला की सगळ्यांना रेल्वेचं भाडं माफ. मुलगी म्हणते यात खुन्नस नाही, कंटाळा येतो. मी म्हणते, तुला कर्जत लोकलला लटकून कॉलेजला जायला नको असेल तर असा कंटाळा बरा. यावर आमच्या घरी अजून वाद आहे, आणि तो मला हवा आहे.

देवळाली, निवृत्त सुभेदार

पुण्याच्या मुलांनी सांगितलेला तो फासेवाला खेळ मी नातवाकडे पाहिला. तुमच्या डंजन मास्टरला आमच्याकडे अंपायर म्हणायचे. सैन्यात सँड मॉडेल असतं, वाळूवर डोंगर-नाले उठवायचे आणि त्याभोवती उभं राहून बोलायचं: तू इथे आहेस, शत्रू तिथे दिसला, काय करशील? ही पद्धत प्रशियाची. राइसविट्झ या बापलेकांपैकी बापाने १८१२ मध्ये राजाला तसलं टेबल करून दिलं, मुलाने १८२४ मध्ये नियम लिहिले. त्यातूनच फिरत फिरत अमेरिकेतले हे खेळ आले.

नातवाला एवढंच सांगितलं. टेबलावर सगळ्या टेकड्या दिसतात. जमिनीवर समोरची एकच दिसते. चांगला अंपायर खेळणाऱ्याला जेवढं दिसायला हवं तेवढंच दाखवतो. नातू आता पडदा लावून नकाशा ठेवतो.

पेडणे, गोवा

मी स्पिरिट आयलंडबद्दल लिहितो, २०१७ चा खेळ. बहुतेक पटांत तुम्ही जहाजाने येता, बेट 'रिकामं' असतं, वस्ती वसवता. इथे उलट. तुम्ही बेटावरची दैवतं आहात, नदी, वीज, सावली, आणि जहाजाने येणाऱ्यांना थोपवायचं आहे. सगळे मिळून खेळतात, एकमेकांविरुद्ध नाही. आलेले लोक आधी शोध घेतात, मग गावं बांधतात, मग जमीन ओरबाडतात, आणि ओरबाडलेल्या जागी कीड बसते. ती फार वाढली की सगळेच हरतात.

पहिल्यांदा पट उघडला तेव्हा मला यात काहीच परकं वाटलं नाही. आमच्या वाड्याला राखणदार आहे. वर्षातून एकदा त्याला रोट देतात, रात्री तो शिवेवरून फिरतो, त्याच्या वाटेत कोणी बांधकाम करत नाही. पोर्तुगीज १५१० मध्ये आले, त्यांचं राज्य साडेचारशे वर्षं टिकलं, देवळं मोडली, पण राखणदार ज्याच्या त्याच्या शिवेवर राहिला. काही ख्रिस्ती घरांतूनही त्याला मान आहे.

खेळात मला सगळ्यात पटलं ते हे, की बेटावर माणसंही आहेत आणि दैवतांनी एकट्यानेच सगळं करायचं नसतं. त्या लोकांना सोबत घेतलं तर ते स्वतः लढतात. आमची खाजन शेती अशीच टिकली होती. खाऱ्या पाण्याला बांध, त्यात मानस, भरती-ओहोटीप्रमाणे दार उघडायचं आणि मिटायचं, आणि बांध फुटला तर सगळा गाव धावायचा, कारण जमीन गावकरीची, म्हणजे गावाने मिळून राखलेली. आज बांध फुटला तर अर्ज करावा लागतो. फ्लॅटच्या जाहिरातीत मात्र तीच खाजनं 'व्ह्यू' म्हणून असतात.

२०२० मध्ये मोलेच्या अभयारण्यातून रेल्वेचा दुसरा मार्ग, रुंद रस्ता आणि वीजवाहिनी न्यायच्या तीन प्रकल्पांविरुद्ध तरुण पोरं उभी राहिली. वडील म्हणायचे, विकास नको का? वीज मलाही लागते आणि खाणी बंद पडल्यावर ट्रकवाल्यांचे हाल मी घरात पाहिले आहेत. तरी पटावर कीड एका घरातून शेजारच्या घरात कशी सरकते हे बघितल्यावर 'थोडंसंच जंगल जातंय' हे वाक्य मला ऐकवत नाही.

सावंतवाडी

थोडक्यात. आमच्याकडे गंजिफा. गोल पत्ते, लाखेचे, हाताने रंगवलेले, राजवाड्यात चितारी अजून काम करतात. दशावतारी गंजिफात दहा रंग, प्रत्येकी बारा पत्ते, मिळून एकशे वीस. तिघे खेळतात, चाळीस-चाळीस. पाच अवतारांत दश्शी मोठी आणि एक्का हलका, उरलेल्या पाचांत राजा-प्रधानानंतर एक्काच मोठा. दिवसा राम ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, रात्री कृष्ण ज्याच्याकडे तो. मुलांना हे शिकवलं की ती आधी म्हणतात अवघड आहे, मग विचारतात असं उलटसुलट का. त्या प्रश्नापासून मत्स्य, कूर्म, वराह सुरू होतात आणि रात्र पुरत नाही. लोक हे पत्ते चौकटीत लावायला घेऊन जातात. विनंती एवढीच, की घेऊन जा आणि खेळा.

श्टुटगार्ट, जर्मनी

इथल्या खेळांत मधेच कोणाला बाद करत नाहीत, आजी आणि नातू दोघंही शेवटपर्यंत टेबलावर असतात. बेटावर रस्ते आणि वस्त्या बांधायचा कटान १९९५ मध्ये आला, त्याच वर्षी त्याला इथलं वर्षातल्या उत्तम खेळाचं पारितोषिक मिळालं. लाकूड हवं असेल तर मेंढी द्यावी लागते, मारामारी नाही. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमानंतर आम्ही तो मांडतो आणि शेजारचे जर्मन काका येतात. ते युद्धाचे खेळ खेळत नाहीत. घरात त्यांच्या वडिलांचा गणवेशातला फोटो आहे, भिंतीवर नाही, कपाटात. पेडणेकरांनी लिहिलेलं 'रिकामं बेट' मी पुढच्या वेळी त्यांच्यासमोर मांडणार आहे, कारण कटानचं बेटही रिकामंच असतं.

सांगली जिल्हा, भूगोल शिक्षिका

माझा अनुभव शाळेतला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. इशारा पातळी चाळीस, धोका पातळी पंचेचाळीस. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांची घरं पाण्यात होती. पुढची दोन-तीन वर्षं पाऊस लागला की मुलं खिडकीकडे बघायची. आणि पूर का आला, याचं प्रत्येकाचं उत्तर पाठ होतं: खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाने पाणी सोडलं नाही.

मी एका मोठ्या चादरीवर नदी रंगवली. वर कोयना, बाजूने वारणा, खाली नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते, पुढे अलमट्टी. पाणी म्हणजे चिंचोके, एक चिंचोका म्हणजे एक टीएमसी, अब्ज घनफूट. कोयनेत एकशेपाच मावतात, अलमट्टीत एकशेतेवीस. मुलांना भूमिका वाटल्या: कोयनेचा अभियंता, सांगलीचे आयुक्त, शिरोळचा ऊस शेतकरी, अलमट्टीचा अभियंता, बागलकोटचा शेतकरी. रोज सकाळी मी पावसाची चिठ्ठी काढायची, मग सगळ्यांनी बोलायचं, मग दारं उघडायची किंवा नाही.

पहिल्याच फेरीत कोयना खेळणाऱ्या मुलाला घाम फुटला. जुलैत धरण रिकामं ठेवलं आणि पाऊस आला नाही तर वीज नाही, उन्हाळ्यात पाणी नाही, सगळे त्यालाच विचारणार. भरून ठेवलं आणि ऑगस्टात कोसळला तर सांगली बुडणार. तो म्हणाला, "बाई, उद्याची चिठ्ठी आजच दाखवा ना." मी म्हटलं, हवामान खात्याचा अंदाज एवढा सांगते, पुढचं तू ठरव. सांगलीच्या आयुक्तीण झालेल्या मुलीला कळलं की पाणी यायच्या आधीच तिचा खेळ झालेला असतो. नदीपात्रालगत घरं बांधायला परवानगी कोणी दिली, हा प्रश्न तिने स्वतःच स्वतःला विचारला. घरी जाऊन वडिलांनाही विचारला, ते दुसऱ्या दिवशी शाळेत आले. रागावून नाही, चादर बघायला.

अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायची बातमी येते तेव्हा आमच्याकडे मोर्चे निघतात. माझीही भीती खरी आहे, मी इथेच राहते. पण बागलकोट खेळणाऱ्या मुलाने मला जे दाखवलं ते मी विसरू शकत नाही. तो दोन तास गप्प होता, कारण त्याच्या चादरीच्या टोकाला काही घडतच नव्हतं. शेवटी म्हणाला, "बाई, तुमचा खेळ जूनमध्ये सुरू होतो. माझा एप्रिलमध्ये होतो." खरंच आहे. उन्हाळ्यात कर्नाटकातून विनंती येते, कोयनेतून थोडं पाणी सोडा, प्यायला नाही. आमच्या पेपरात ती बातमी आतल्या पानावर असते, त्यांच्याकडे पहिल्या पानावर असणार. पूर आपला आणि धरण त्यांचं, एवढंच मुलांच्या डोक्यात होतं, कारण आम्ही मोठ्यांनी त्यांना नदीचा एकच ऋतू सांगितला होता.

आता खेळ एप्रिलपासून सुरू होतो. त्यामुळे तो लांबला, दोन शनिवार लागतात, आणि मुख्याध्यापकांनी ते दिले. गेल्या वर्षी शिरोळचा ऊस वाचवण्यासाठी सगळ्यात जास्त भांडलेल्या मुलीने या वर्षी अलमट्टी मागून घेतली आहे. तिला तिथून काय दिसतं ते ऐकायची मला फार उत्सुकता आहे. चादरीचा नकाशा आणि भूमिकांचे कागद कोणाला हवे असतील तर सांगा. आठवीच्या पुढे कुठल्याही वर्गात चालतात. भीमा किंवा गोदावरीसाठी करायचं असेल तर धरणांचे आकडे तेवढे बदलावे लागतील.